दरबाराच्या पडद्यामागची भिंत

मोठ्या बाई, मंगळवारी तपासणीला साहेब येऊन राह्यले.

गेल्या सोमवारी केंद्रातून त्यांची चिठ्ठी आली, मी ती वाचली आणि सवयीने तुमच्या खुर्चीकडे वळून म्हणाले, "बघा ना बाई, पुन्हा आलं हे लचांड." खुर्चीवर हजेरीपट होता फक्त. पोरं माझ्याकडे बघत राहिली. एक पोरगी तोंडावर हात ठेवून हसली आणि मग तिलाच रडू आलं. तुम्हाला जाऊन तेव्हा पाच दिवस झाले होते, आज अकरा झाले. अजून मी शाळेच्या दारात आले की तुमच्या चपला शोधते.

आज रविवार आहे. मुद्दाम सायकल मारत आले, म्हटलं शाळेत कोणी नसेल, बसून लिहीन. आरमोरीच्या खोलीत लिहवत नाही. मोहाचे दिवस आहेत, सारं गाव सकाळीच जंगलात जाऊन आलंय, अंगणाअंगणात फुलं वाळत घातलीत, त्या वासाने डोकं जड झालंय माझं. पायाशी गाठोडं आहे. त्यात काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. तेच तर बोलायचंय. चार महिने बोलायचं म्हणते आहे आणि आता बोलते, तुम्ही नसताना. वा नसरीन, वा!

चिठ्ठीत साहेबांनी लिहिलंय की गडचिरोलीहून पाहुणे सोबत आहेत, इंग्रजीचा तास दाखवावा, आणि मागच्या भेटीत लावला होता तो सुंदर पडदा जरूर लावावा. शेवटी माझ्या कामाबद्दलचा अहवालही याच भेटीनंतर पाठवू म्हणून लिहिलंय. शिक्षणसेवकाची माझी तीन वर्षं या जूनमध्ये संपतात. अहवाल चांगला गेला तर कायम, नाहीतर घरी. अब्बांनी सगळ्या मोहल्ल्याला सांगून ठेवलंय की बेटी पक्की होणार.

मी घाबरट आहे हे तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. वडशाची शिंप्याची पोर, डीएड झालेली, इंग्रजीवाली म्हणून या शाळेत पाठवलेली. डीएडला माझ्या मराठीत हिंदी शिरायची म्हणून पोरी हसायच्या, तेव्हापासून मी बोलायच्या आधी प्रत्येक वाक्य मनात दोनदा तपासते. आणि इथे आले तर ही भिंत! वर्गाची मागची सबंध भिंत कोळशाने भरलेली. कुठे मराठी, कुठे गोंडी, अक्षरं उलटीसुलटी. मला वाटलं पोरांनी घाण केली आहे. मी फडकं शोधायला लागले. तुम्ही म्हणालात, "काऊन वं, काय पुसून राह्यली? अजून शनिवार यायचा आहे."

मग तुम्ही नियम सांगितले. सोमवारी प्रत्येक पोराने एक प्रश्न भिंतीवर लिहायचा, खाली आपलं नाव. गोंडीत आला तरी चालेल. आठवडाभर तो प्रश्न घेऊन तीन माणसांकडे जायचं: एक घरचा, एक रस्त्यावरचा, आणि एक असा, ज्याच्याशी आजवर कधी बोललो नाही. शनिवारी काय मिळालं ते सांगायचं, मग लिहायचं. उत्तर सापडलं की त्या पोरानेच आपला प्रश्न ओल्या फडक्याने पुसायचा. नाही सापडलं तर प्रश्न राहील. त्याला कोणी हात लावायचा नाही, मोठ्या बाईंनीसुद्धा.

"लाल मुंगी आंबट काऊन असते?" "भात शिजला की मोठा काऊन होते?" "वाघ नदी पोहून येते तं त्याले रस्ता कोण सांगते?" आणि तो सुकरीचा, "मोह दिवसा काऊन नाई गळत?" सुकरी तेव्हा दुसरीत होती. मी त्याच आठवड्यात एका पोराला भाताचं उत्तर पटकन देऊन टाकलं. तांदूळ पाणी पितो, म्हणून फुगतो. मला वाटलं शाबासकी मिळेल. तुम्ही कपाळावर हात मारला. "उत्तर देऊन टाकलं? अव, आता ते पोरगं कोणाच्या दारात जाईल?" मी त्या दिवशी घरी जाऊन रडले. मला वाटलं तुम्हाला मी आवडलेच नाही.

मोहाचं कोणीच सांगू शकलं नाही. सुकरीच्या आजीने सांगितलं, उन्हात फुलालेबी आळस येते. वनरक्षकाने मान हलवली. सुकरी तुमच्याकडे आली तर तुम्ही सगळ्या वर्गासमोर, मोठ्याने, दोन्ही हात उघडून म्हणालात, "मले माहीत नाई." तीस वर्षं नोकरी झालेली बाई! मला लाज वाटली, तुमची नाही, माझी. मग तुम्ही माझ्याकडे बघितलं. पोरंही बघायला लागली. आणि मी काय म्हणाले? "पुढच्या वर्गात आहे ते, विज्ञानात." खोटं बोलले, बाई. तुम्हाला कळलं होतं. तुम्ही सुकरीला म्हणालात, राहू दे भिंतीवर. दर दिवाळीला भिंत चुन्याने सारवली की पोरं तो प्रश्न आठवणीने पुन्हा लिहायची.

इंग्रजीचं तर आपलं भांडणच होतं. पहिलीपासून इंग्रजी सुरू झालेलं, तुम्ही मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा बसलेल्या, आणि मी आरमोरीच्या प्रशिक्षणात शिकलेली गाणी आणि हातवारे घेऊन आलेली. सिट डाऊन, स्टँड अप, क्लॅप युवर हँड्स. पोरं उठायची, बसायची, टाळ्या वाजवायची. मला केवढा अभिमान! तुम्ही दारात उभ्या राहून बघत होतात. म्हणालात, "उठून राह्यले, बसून राह्यले, बरं आहे. पण बोलून कोण राह्यलं? तूच ना?" मला इतका राग आला की मी दोन दिवस तुमच्याशी धड बोलले नाही. तुम्हाला काय कळतंय इंग्रजीतलं, असंही मनात म्हणाले. माफ करा.

तिसऱ्या दिवशी तुम्ही पाटी घेऊन माझ्या वर्गात आलात आणि पोरांच्या बसायच्या पट्टीवर खाली बसलात. गुडघे दुखायचे तुमचे, तरी. म्हणालात, "बाई, मलेबी शिकवा." पोरं खिदळायला लागली. माझ्या हातातला खडू घामाने ओला झाला. तुम्ही विचारलंत, "मी विचारलं, याले इंग्रजीत काय म्हणते?" मी सांगितलं, आय आस्क्ड. "तिनं सांगितलं?" शी सेड. "मले माहीत नाई?" आय डोन्ट नो. "मी पुन्हा विचारीन?" आय विल आस्क अगेन. पाटीवर देवनागरीत लिहून घेतलंत आणि उठलात. म्हणालात, झालं, एवढं पुरे वर्षभर. मी म्हटलं, बाई, पुस्तकात आधी रंग आहेत, फळं आहेत. तुम्ही म्हणालात, "फळं पोरं झाडावर पाहते. पैलं वाक्य असं पायजे, की ते घेऊन पोरगं कोणाच्याबी दारात उभं राहू शकलं पायजे."

मग शनिवारची पद्धत बदलली. पोरं आधी गोंडीत सांगायची, कारण घरी विचारलेलं गोंडीतच असायचं. तुम्ही ऐकायच्या आणि मला मराठीत सांगायच्या. मग पोरं मराठीत लिहायची. आणि शेवटची एक ओळ इंग्रजीत. आय आस्क्ड माय आजी. शी सेड... पुढे जे काय असेल ते, मराठीतलं, गोंडीतलं, काहीही. एका भिंतीवर तीन भाषा! मला आतून भीती, उद्या कोणी बघितलं तर काय म्हणेल. पाणी, येर, वॉटर, तिन्ही शब्द एका ओळीत लिहिले की मी शाळेच्या फाटकाकडे बघायची. पण बाई, खरं सांगते, जी पोरं माझ्या क्लॅप युवर हँड्सला नुसती टाळ्या वाजवायची, ती महिनाभरात एकमेकांना अडवून विचारायला लागली, "यू आस्क्ड? हू?" मी ऐकलं आणि तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही जिंकला असता.

आणि ते लाल पेन. ते भांडण तर आपण संपवलंच नाही. सुकरीने लिहिलं होतं की तिची माय अंधारात उठून मोह वेचायला जाते, सुकरीला झोपेत वाटतं माय गेली ती आता येणार नाही, म्हणून ती झोपेत मायचा पदर धरून ठेवते. मी त्यात चुकाच चुका दाखवल्या. सगळी वही लाल. तुम्ही ती उचललीत आणि विचारलंत, "यात तिची माय कुठी गेली वं? तुझ्या शाईखाली दबली का?" मी चिडले. म्हटलं, बाई, ही पोरं आरमोरीच्या शाळेत जातील तेव्हा कोणी यांची माय बघणार नाही, काना आणि वेलांटीच बघतील. हसतील त्यांच्यावर. माझ्यावर हसले होते. तुम्ही म्हणालात, "पैले लिहू दे, मंग दुरुस्त करू." मी विचारलं, मंग म्हणजे कधी? तुम्ही वही मिटून टेबलावर ठेवलीत. मला अजून वाटतं, त्यात थोडं माझंही बरोबर होतं. तुम्ही उत्तर द्यायला हवं होतं.

आता गाठोड्याचं सांगते.

कार्तिकात तुम्ही डोळ्याच्या ऑपरेशनला ब्रम्हपुरीला गेलात, आठ दिवस. जाताना म्हणालात, भिंत सांभाळजो. आणि तिसऱ्याच दिवशी निरोप आला की उद्या साहेब येणार. एकटी मी, चार वर्ग, आणि मागे ती भिंत. "वाघाले रस्ता कोण सांगते," "मेल्यावर माणूस कुठी जाते," "बापू दारू काऊन पेते," सगळं उघडं. पुसायचं तर तुमचा नियम. नाही पुसायचं तर माझी नोकरी. शाळा सुटल्यावर मी सायकल दामटत आरमोरी गाठली आणि तिथून बसने वडशाला, अब्बांच्या दुकानात.

तुम्हाला माहीत आहे, थंडीत गावोगाव नाटकं असतात, अब्बांना जेवायला फुरसत नसते. नाटक मंडळ्यांचे अंगरखे, शेले, पडद्यांच्या किनारी. दुकानात एका मंडळीचा जुना पडदा पडलेला होता, दरबाराचा. खांब, झुंबर, मध्ये सिंहासन, दोन बाजूंना मोर. फाटला होता म्हणून अब्बांकडे आलेला. मी म्हटलं, अब्बा, एक दिवस पायजे. अब्बांनी विचारलं, "शाळा में नाटक है क्या, बेटा?" मी म्हटलं, हो. खोटं तरी काय बोलले? दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर येऊन, पोरांनाच सुतळी धरायला लावून, मी भिंतीवर दरबार टांगला. सुकरी स्टुलावर उभी राहून वरची गाठ बांधत होती. तिने विचारलं, "बाई, आमचं लिवलेलं कायले झाकून राह्यलो?" मी म्हटलं, पाहुणे येणार आहेत ना. चल, घट्ट बांध.

साहेब आले, बघून खूश झाले. काय वातावरणनिर्मिती, म्हणाले, आदिवासी भागात असं सौंदर्य. पोरांनी उठबस केली, टाळ्या वाजवल्या, माय नेम इज म्हटलं. साहेबांनी माझ्या नावापुढे चांगला शेरा लिहिला. ते चांगले माणूस आहेत, बाई, त्यांनी फक्त पडदा बघितला, कारण मी तेवढाच दाखवला. मी त्या दिवशी घरी जाताना गाणं म्हणत होते. एवढं सुटल्यासारखं वाटत होतं.

पडदा उतरवायचं राहूनच गेलं. तुम्ही परत आलात, डोळ्यावर हिरवी पट्टी. दारात थांबलात. सिंहासन बघितलं, मोर बघितले. पदराने डोळ्याखालचं पाणी पुसलंत, ते ऑपरेशनचं होतं की दुसरं, मला आजही कळलेलं नाही. एवढंच म्हणालात, "राजा कुठी गेला?" पोरं हसली. मीही हसले. मग तुम्ही स्वतः एकेक गाठ सोडलीत, पडदा घडी केला, माझ्या हातात दिलात. सोमवारी तुम्ही नेहमीसारखी कोळशाची टोपली वर्गाच्या मध्ये ठेवलीत.

कोणी उठलं नाही.

तुम्ही वाट बघितली. म्हणालात, चला, काय नवीन आहे? पोरं जमिनीकडे बघत होती. तुम्ही सुकरीला नावाने हाक मारली. सुकरी म्हणाली, "ते झाकाचं असते ना, बाई? पाव्हना आला की?" तिच्या आवाजात काही नव्हतं, राग नाही, रुसवा नाही. तिला एक गोष्ट समजली होती, ती तिने सांगितली. पाढा सांगावा तशी. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही. तेवढं बघितलं असतं, दोन शब्द रागाचे टाकले असते, तर मी त्याच वेळी तुमचे पाय धरले असते. त्या सोमवारी नाही, पुढच्या नाही, चार महिन्यांत एकाही पोराने भिंतीवर नवीन काही लिहिलं नाही. जुने प्रश्न पोरांनी एकेक करून पुसले. मोहाचासुद्धा. तुम्ही टोपली ठेवायच्या आणि दुपारी उचलायच्या. मी दर सोमवारी सकाळी घाबरून उठायची.

तुम्ही माझ्याशी नीट वागत राहिलात, हेच मला सोसत नव्हतं. माझ्या डब्यातली शेवई खाल्लीत, ईदला अम्मीसाठी चारोळी पाठवलीत. मी रोज येताना सायकलवर वाक्य जुळवायची. बाई, माझं चुकलं. बाई, मी घाबरले होते. फाटकापाशी आलं की वाक्य गळून जायचं. तुम्हाला ताप आला तेव्हा शेवटच्या रविवारी घरी आले. तुम्ही खाटेवर होतात, डोळे लाल, अंगावर दोन गोधड्या. म्हटलं आज बोलायचंच. तुम्ही विचारलंत, "खिचडीचं तेल आलं का वं?" मी म्हटलं, आलं. "पोरं?" मोहाला गेलीत अर्धी. "जाऊ दे, येतेत." मग मी विचारलं, बाई, गोळी घेतली का? आणि उठले. बुधवारी गडचिरोलीच्या दवाखान्यातून तुम्हाला गाडीतून परत आणलं. ताप डोक्यात गेला म्हणाले. गोळी घेतली का! तीन वर्षांतलं माझं शेवटचं वाक्य तुमच्याशी.

म्हणून गेल्या सोमवारी ती चिठ्ठी हातात घेऊन मी वर्गात उभी होते. पडदा लावावा. टोपली मध्ये होती, मी ठेवली होती, तुमची सवय म्हणून. पोरं जमिनीकडे बघत होती, हजर होती तेवढी. मला काय झालं कोणास ठाऊक. मी टोपलीतून कोळसा उचलला, मागच्या भिंतीशी गेले आणि लिहिलं: "लहान बाईने भिंत झाकली. मोठ्या बाईंनी तिला माफ केलं का?" खाली माझं नाव, नसरीन. एकाने विचारलं, बाई, हा प्रश्न कोणी नेऊ शकते का? मी म्हटलं, नियम तर तोच आहे.

आणि त्याच संध्याकाळी, ऐका माझा शहाणपणा, मी वडशाला निरोप पाठवला की अब्बा, परत दिलेला पडदा पुन्हा पाठवा. गुरुवारच्या बसने आला. अब्बांनी फाटका भाग शिवून, मोरांची किनार नवी लावून पाठवला. तेच हे गाठोडं.

काल शनिवार होता. मोहाचे दिवस असून सगळी पोरं आली. पूर्ण पट, बाई! मी म्हटलं, सांगा.

एक म्हणाला, आय आस्क्ड माय आजी. शी सेड, माफी कायची, लहान बाई तं कौसल्याची पोरगीच होती; आजी तुम्हाला नावानेच हाक मारायची ना. दुसरा म्हणाला, आय आस्क्ड पोलीस पाटील. ही सेड, शाळेची गोष्ट शाळेत ठेवा. खिचडी शिजवणाऱ्या जनाबाईंकडे तिघं गेली होती. जनाबाईंनी सांगितलं की पडदा उतरवला त्यानंतर तुम्ही तीन दिवस खिचडी खाल्ली नाही, नुसता चहा घेतलात. मला हे माहीतच नव्हतं! आणि तुमच्या बहिणीने एका पोरीला सांगितलं की तुम्ही घरी येऊन पडद्याची नक्कल करून दाखवलीत, सिंहासनावर बसल्यासारख्या बसून, आणि इतक्या हसलात की पट्टी ओली झाली. आता मी काय समजू? उपाशी राहिलात ते खरं की हसलात ते? तुमचं हे असंच होतं, कधी धड सांगायचं नाही.

सुकरी शेवटी उठली. म्हणाली, मी एकाकडेच गेली. तिला नियम माहीत होता, तरी. नदीकडच्या वाटेवर तुम्हाला जिथे मातीत ठेवलं, तिथे ती गेली होती. मोहाच्या फुलांचा हारा डोक्यावरून खाली ठेवून बसली, म्हणे, विचारलं, आणि ऊन चढून हारा पुन्हा उचलायची वेळ होईस्तोवर थांबली. मग वहीतून वाचलं: "आय आस्क्ड मोठ्या बाई. शी सेड नथिंग. आय विल आस्क अगेन." वाचून माझ्याकडे बघत राहिली. मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं, रडले. म्हटलं, बरोबर आहे, बाळा. प्रश्न राहील मग.

तेव्हा तिची नजर गाठोड्यावर गेली. कापडातून मोराची निळी किनार दिसत होती. "हे मंगळवारी झाकाचं का, बाई?"

बाई, त्या एका क्षणात माझ्यासमोर अब्बा आले, साहेबांचा शेरा आला, जूनमधला घरचा रस्ता आला. सगळी पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती, तुम्ही मोहाच्या प्रश्नाला हात उघडून उभ्या होतात तेव्हा बघत होती तशीच. मी म्हटलं, "नाई." एवढंच. तेही नीट ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

सुकरीला ऐकू गेलं. ती टोपलीपाशी गेली, कोळसा निवडला, आणि माझ्या प्रश्नाच्या खाली, मोठ्या मोठ्या अक्षरांत, चार महिन्यांनी पहिल्यांदा लिहिलं: "पाव्हना आला की भिंत कोनासाठी झाकते?" हात झटकले आणि म्हणाली, "हे मी साहेबालेच विचारतो. त्याच्याशी मी कदी बोलली नाई."

इतकं भेव लागून राह्यलं मला, मोठ्या बाई. ती विचारणार, मला माहीत आहे, पाहुण्यांसमोर, अगदी जवळ जाऊन विचारणार. ओलं फडकं इथेच खिळ्याला आहे. सकाळपासून मी दोनदा उठले, भिंतीपाशी गेले आणि परत येऊन बसले. पण पुसलं नाही.